हद्दपार भावाच्या शोधात निघालेला व्हायकिंग: खरा धोका कुठे होता?

तुमचा आराखडा वाचला. इसवी सन 1000 च्या आसपासचा काळ, नॉर्वेतला एक कसलेला लढवय्या, आइसलँडमध्ये खुनाच्या खटल्यात हद्दपार झालेला त्याचा धाकटा भाऊ, आणि त्याला शोधायला निघालेल्या थोरल्याचा प्रवास. वाटेत वादळ, लांडग्यांचा कळप, बंदरोबंदरी चकमकी आणि शेवटी हिमनदीवर दोघांची गाठ. यातले किती इतिहासाला धरून आहे आणि भावाची शिक्षा तीन वर्षांची ठेवावी की आजन्म, असे तुम्ही विचारले आहे. मी जुने नॉर्स साहित्य शिकवते आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखिते या नजरेने वाचूनही देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुख्य मुद्दा. तुमच्या कथेत धोका आहे, पण तो सगळा थोरल्याला आहे. त्या काळाचा कायदा आणि सागांमधल्या, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथांमधल्या, घटना पाहिल्या तर चित्र उलटे दिसते. जो लपला आहे त्याला सगळ्यात मोठा धोका त्याला शोधणाऱ्या आपल्याच माणसाचा असतो. थोरला भाऊ ज्या दारात त्याचे नाव घेऊन विचारेल, त्या दारातून ते नाव पुढे जाईल, आणि थोरल्याच्या पावलावर पाऊल ठेवून मारेकरी पोचतील. ही गोष्ट धरलीत तर लांडग्यांची गरजच उरत नाही. (आइसलँडमध्ये लांडगे नव्हतेच. माणूस येण्याआधी तिथे जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी एकच होता, ध्रुवीय कोल्हा. क्वचित एखादे पांढरे अस्वल तरंगत्या बर्फावरून किनाऱ्याला लागे.)

आता कायदा, कारण सगळी गोम तिथे आहे. आइसलँडला राजा नव्हता. शिपाई, तुरुंग, फाशी देणारा कोणी नव्हता. 930 च्या सुमारास आल्थिंग ही महासभा सुरू झाली. ती दर उन्हाळ्यात थिंगवेलीरच्या मोकळ्या माळावर भरे. तिथे कायदा ठरे, खटले चालत, निकाल लागे. निकालाची अंमलबजावणी मात्र खटला जिंकणाऱ्याने स्वतःच करायची. म्हणून सगळ्यात कडक शिक्षा कोणती, तर समाजाने त्या माणसावरचे आपले छत्र काढून घेणे. पुढचे काम फिर्यादीचे.

या शिक्षेच्या दोन पायऱ्या होत्या आणि त्यांतला फरक तुमच्या कथेला फार उपयोगी आहे. खालची पायरी तीन वर्षांची. दोषीने जिवाची किंमत म्हणून एक मार्क चांदी भरायची, म्हणजे साधारण 215 ग्रॅम. त्याला तीन घरे नेमून दिली जात. त्या घरांत, घरांभोवती बाणाच्या टप्प्यात आणि त्यांच्यामधल्या वाटेवर त्याला कोणी हात लावायचा नाही. ठरलेल्या मुदतीत जहाज शोधून देश सोडायचा, तीन वर्षे बाहेर काढायची आणि मग सन्मानाने परत यायचे. मुदतीत गेला नाही तर मात्र तो वरच्या पायरीवर जाई, आणि तिथून परतीची वाट जवळजवळ नसे. वरच्या पायरीवरच्या माणसाला कोणी खाऊ घालायचे नाही, होडीतून पार न्यायचे नाही, आसरा द्यायचा नाही. मालमत्ता जप्त. त्याला मारणाऱ्यावर खटला नाही आणि भरपाईही नाही. त्याला मदत करणारा स्वतः गुन्हेगार ठरे, मग तो सख्खा भाऊ का असेना. हे कायदे 1117-18 च्या हिवाळ्यात पहिल्यांदा लिहून काढायला सुरुवात झाली आणि ‘ग्रागास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात ते आपल्याला सापडतात. त्याआधी ते तोंडपाठ असत. आल्थिंगचा कायदेपाठक दर वर्षी एक तृतीयांश म्हणून दाखवी, तीन वर्षांत सगळा.

आणखी एक कलम जरूर वापरा, कारण ते भयंकर आहे. हद्दपार माणसाने दुसऱ्या हद्दपाराला मारले तर त्याला स्वतःच्या शिक्षेत सवलत मिळू शके. म्हणजे रानात लपलेल्या माणसाला सोबतीला जो दुसरा फरारी भेटेल, तोच त्याचा सगळ्यात धोकादायक सोबती. तुमच्या आराखड्यात धाकटा ‘इतर हद्दपारांच्या टोळीत सुरक्षित’ आहे. तो तिथे सुरक्षित असूच शकत नाही.

शोधामुळे धोका कसा वाढतो, ते गीस्लीच्या सागेत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही. गीस्ली सूरसन वायव्य आइसलँडच्या फ्योर्डांतला, म्हणजे कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्यांतला. मेहुण्याच्या खुनाबद्दल त्याला वरची शिक्षा झाली आणि तो तेरा वर्षांहून जास्त काळ लपून राहिला. त्याची बायको औद गेइरथ्योफ्सफ्योर्डमध्ये घर करून राहिली, आणि त्या घराच्या आसपासच त्याच्या लपायच्या जागा होत्या. शत्रूंनी नेमलेला एयोल्फ नावाचा माणूस तिच्याकडे चांदी घेऊन आला. नवरा कुठे आहे ते सांग, हे सगळे तुझे. तिने चांदी मोजून घेतली, थैलीत भरली आणि ती थैली त्याच्या नाकावर अशी हाणली की रक्ताची धार लागली. पैशाने जे साधले नाही ते शेवटी प्रेमाच्या माणसांच्या चालण्याने साधले.

तो प्रसंग जवळून पाहा. उन्हाळा संपायची शेवटची रात्र. गीस्लीला झोप लागेना, वाईट स्वप्नांनी तो पुरता पोखरला होता. त्याने ठरवले की घरात न थांबता दरीतल्या लपणीकडे जायचे. औद आणि त्यांनी वाढवलेली मुलगी गुद्रीद त्याच्याबरोबर निघाल्या. गवतावर दव पडलेले. दोघींच्या लांब झग्यांचे घोळ गवतावरून ओढत गेले आणि दवात मागे एक गडद पट्टा उमटत गेला. गीस्लीच्या हातात लाकडाचा एक तुकडा होता. चालता चालता तो त्यावर रून, म्हणजे उत्तरेकडची जुनी अक्षरे, कोरत होता आणि ढलप्या खाली पडत होत्या. एयोल्फची माणसे मोकळ्या घरापाशी आली, त्यांना दवातला पट्टा दिसला, ढलप्या दिसल्या, आणि त्यांनी कड्यापर्यंतची वाट बिनचूक काढली. तेरा वर्षे कोणालाही न सापडलेला माणूस अशा रीतीने सापडला. बायका त्याच्यासोबत गेल्या नसत्या तर त्या रात्री माग निघाला नसता, आणि त्याला एकट्याला सोडायला त्या तयार नव्हत्या. तुमच्या थोरल्या भावाची सगळी कथा मला या दवातल्या पट्ट्यात दिसते.

याच सागेत भावाचे दुसरे रूपही आहे आणि तेही विचारात घ्या. गीस्लीचा सख्खा भाऊ थोर्केल. ज्याचा खून झाला तो थोर्केलचा भागीदार होता, त्यामुळे तो आधीच दोन्हीकडून ओढला गेलेला. गीस्ली त्याच्या दारी तीन वेळा गेला. थोर्केलने कापड दिले, चांदी दिली, पण घरात घेतले नाही. ज्याने मी कायद्यात सापडेन असे काही करणार नाही, हे त्याचे म्हणणे. तिसऱ्या वेळी गीस्लीने रून कोरलेला लाकडाचा तुकडा घरात भिरकावला. थोर्केलने तो उचलून वाचला आणि बाहेर आला. एक होडी दिली, आसरा तेव्हाही नाही. वाचकाला थोर्केलचा राग येतो आणि तो यावाच. पण कायदा माहीत असला की त्याच्या वागण्यामागची भीतीही दिसते: घर, जमीन, गडीमाणसे, सगळे एका रात्रीच्या आसऱ्यापायी जाऊ शकत होते. तुमच्या कथेत थोरला भाऊ एकदम निघतो, मागेपुढे पाहत नाही. त्याला निदान एक हिवाळा थोर्केल होऊ द्या.

आता प्रवास. तुम्ही त्याला तीस मीटर लांबीच्या युद्धनौकेत बसवले आहे. ती फ्योर्डांच्या आणि किनाऱ्यांच्या लढाईची नाव. साठ-सत्तर वल्हेकरी, त्यांचे अन्नपाणी, आणि माल ठेवायला जागाच नाही. एका माणसाच्या खासगी शोधासाठी एवढी माणसे राजासुद्धा देणार नाही. आइसलँडला जाणारा माणूस व्यापारी जहाजावर जागा मिळवे. डेन्मार्कच्या रोस्किल्डे फ्योर्डच्या तळातून 1962 साली जी जहाजे वर काढली, त्यांतले ‘स्कुल्डेलेव 1’ हे असे जहाज. सुमारे 16 मीटर लांब, पश्चिम नॉर्वेत 1030 च्या सुमारास बांधलेले, सहा ते आठ खलाशांवर चालणारे, वीसेक टन माल वाहणारे. पोटात माल, त्यावर कातडी ताणलेली, डोक्यावर छप्पर नाही. शिड लोकरीचे, चरबी चोळून वारा धरेल असे केलेले. शिजवायचे ते किनाऱ्यावर. भर समुद्रात वाळवलेला मासा, लोणी आणि आंबट ताक. वारा चांगला लागला तर नॉर्वेच्या स्टाड भूशिरापासून आइसलँडच्या पूर्व टोकापर्यंत आठवडाभराचा पल्ला. नाही लागला तर उन्हाळा हातचा जाई.

प्रवासाच्या या गतीमुळे शोध जीवघेणा कसा होतो, ते पाहा. जहाजे वसंत संपताना सुटत आणि शरद ऋतूच्या आत परत फिरत, नाहीतर तिथेच हिवाळा काढत. म्हणजे बातमीचे वयच एक वर्ष. धाकट्याला जूनच्या आल्थिंगमध्ये शिक्षा झाली, ती नॉर्वेत कळली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि थोरला निघू शकतो तो पुढच्या वसंतात. तो उतरेल तेव्हा त्याच्याजवळची माहिती शिळी झालेली असणार. दरम्यान तडजोड झाली असेल, शिक्षा वाढली असेल, नाहीतर भाऊ मेलेलाही असेल. आणि उतरल्यावर तो कोणाकडे तरी हिवाळी पाहुणा म्हणून राहणारच, दुसरा इलाज नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एका लांब घरात, त्याच चुलीभोवती, तीस-चाळीस माणसांत. परक्या माणसाला पहिल्या संध्याकाळी विचारत: कोण, कुठला, कोणाचा मुलगा. बापाचे नाव सांगितले की भाऊ कोण ते उघड. खोटे नाव सांगितले आणि पुढे फुटले, तर यजमानाचा अपमान. तुमची खरी चकमक या प्रश्नोत्तरात आहे.

मग त्याने माहिती काढायची कुठे? पहिली जागा आल्थिंग. शिक्षा कायद्याच्या खडकावरून जाहीर व्हायची, देशभरातले सरदार आणि त्यांची माणसे दोन आठवडे तंबू ठोकून असायची. भावाचे काय झाले, फिर्यादी कोण, किती संतापलेला आहे, हे तिथे सरळ कळेल. आणि तिथेच तुमच्या लढवय्याला समजेल की त्याच्याजवळची सगळ्यात कामाची वस्तू तलवार नव्हे, चांदी आहे. वरची शिक्षा उठवायला फिर्यादीची संमती आणि लोग्रेट्टा या कायदेमंडळाची परवानगी लागे. त्यासाठी एखादा वजनदार गोदी, म्हणजे सरदार, आपल्या बाजूला ओढावा लागे, आणि त्याची किंमत असे. ग्रेटिर या सर्वांत प्रसिद्ध हद्दपाराच्या नातलगांनी हे करून पाहिले. स्नोर्री गोदीसारखा मातब्बर माणूस त्यांच्या बाजूचा होता. पण ज्या आगीचा ठपका ग्रेटिरवर होता तिच्यात ज्याची मुले मेली होती तो थोरिर ऐकेना, आणि प्रकरण तिथेच थांबले. हा प्रयत्न कथेत आणा. फसला तरी चालेल, उलट फसूच द्या, कारण त्यानंतर रानात जाण्याशिवाय थोरल्यापुढे वाट राहत नाही.

हद्दपार राहत कुठे? हिमनदीवर नाही. तिथे खायला काही नाही आणि उबेला जळण नाही. लपणारा माणूस माणसांपासून फार लांब जाऊच शकत नसे, कारण त्याला मेंढरू चोरावे लागे किंवा कोणाच्या तरी मागच्या दारी जावे लागे. हाल्मुंडारह्राउन या लाव्हाच्या माळाखाली सुर्ट्सहेल्लिर नावाची प्रचंड गुहा आहे. तिथे आत दगडांची बांधकामे आणि गुराढोरांच्या हाडांचा ढीग सापडला, व्हायकिंग काळातलाच. आर्नारवात्न हे तळ्यांचे पठार हीही हद्दपारांची जागा, कारण मासे मिळत. ग्रेटिर तिथे राहिला. शत्रूंनी तिथे त्याच्याकडे पाठवलेले मारेकरी हे स्वतःच हद्दपार होते, सवलतीच्या आशेने आलेले. त्यांतला लालदाढी थोरिर तर दोन वर्षे त्याच्याबरोबर राहिला, संधीची वाट बघत.

ग्रेटिरवर जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या कथेतले दोन्ही भाऊ त्याच्या सागेत आहेत. एक लपलेल्याजवळ जाऊन राहणारा, दुसरा जग ओलांडून जाणारा.

ग्रेटिर आस्मुंडसन बलदंड, आडमुठा, आणि एका भुताशी झालेल्या झुंजीनंतर अंधाराला घाबरणारा. ही भीती साधी नाही. तिच्यामुळे तो एकटा राहू शकत नाही, आणि हद्दपाराला सोबत म्हणजे विश्वासघात. या कोंडीत तो वर्षानुवर्षे अडकलेला. शेवटी सगळ्यात धाकटा भाऊ इल्लुगी, जेमतेम मिसरूड फुटलेला, त्याच्याबरोबर निघतो. आई आस्दिस दोघांना निरोप देते तेव्हा तिला कळलेले असते की हे दोघे परत येणार नाहीत. ते उत्तरेच्या स्कागाफ्योर्डमधल्या द्रांगेय बेटावर जातात. आजही तिथे होडीने जाता येते. समुद्रातून सरळ दीडशे-पावणेदोनशे मीटर उभे राहिलेले कडे, माथ्यावर गवताचा सपाट तुकडा, कड्यांच्या कपारींत हजारो समुद्रपक्षी. वर जायला शिडीशिवाय मार्ग नाही आणि शिडी ओढून घेतली की खाली कितीही माणसे येवोत. गवतावर किनाऱ्याच्या शेतकऱ्यांची मेंढरे चरायला सोडलेली. भावांना मांस मिळाले, अंडी मिळाली, आणि सगळ्या शेतकऱ्यांचे वैरही. एकदा विस्तव विझला. ग्रेटिर बेटापासून रेक्यारपर्यंत थंडगार पाण्यातून सुमारे सात किलोमीटर पोहत गेला आणि तिथल्या गरम झऱ्यात अंग शेकले. तो झरा अजून आहे आणि ग्रेटिरच्याच नावाने ओळखला जातो.

बेट पडले ते आतून. ग्लाउम नावाचा गडी शिडी वर ओढायला विसरला, झोपी गेला. ग्रेटिरच्या पायाला जखम झाली होती आणि ती चिघळली होती. ग्रेटिरचा शत्रू थोरब्योर्न उंगुल माणसे घेऊन वर चढला. इल्लुगी भावासाठी आडवा उभा राहिला. ग्रेटिर मेल्यावर उंगुलने इल्लुगीला सोडून देण्याची तयारी दाखवली, एकाच अटीवर: सूड घेणार नाही अशी शपथ घे. त्याने ती घेतली नाही, आणि सकाळी तोही मारला गेला. हे पान मी वर्गात दर वर्षी वाचते आणि दर वर्षी थांबावे लागते. भावाच्या निष्ठेबद्दल लिहायचे असेल तर इथे शिका: एकही मोठा शब्द नाही, फक्त दिलेली अट आणि दिलेला नकार.

उंगुलने ग्रेटिरचाच आखूड सुरा घेतला होता आणि त्याच सुऱ्याने ग्रेटिरच्या डोक्यावर वार केला होता. पात्याला एक खाच पडली. ही खाच लक्षात ठेवा.

ग्रेटिरचा सावत्र भाऊ थोरस्टेइन ड्रोमुंड नॉर्वेत ट्यून्सबर्गला राहत असे, सुखवस्तू, शांत. सागेत आधी एक सकाळ येते. दोघे जागे होतात, थोरस्टेइन ग्रेटिरच्या दंडांकडे बघतो, ग्रेटिर त्याचे काटकुळे हात बघून हसतो. थोरस्टेइन म्हणतो की हे हात तुझा सूड घेतील, नाहीतर तो कोणीच घेणार नाही. पुढे उंगुलला चेटूक आणि मरणाऱ्या माणसावर हात उचलल्याबद्दल आइसलँड सोडावे लागते. तो नॉर्वेत येतो, थोरस्टेइनची चाहूल लागताच तिथून मिक्लागार्डला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलला, निघून जातो आणि सम्राटाच्या वॅरेंजियन दलात, म्हणजे उत्तरेकडच्या भाडोत्री सैनिकांच्या तुकडीत, भरती होतो. थोरस्टेइन मालमत्ता नातलगांवर सोपवून त्याच्या मागे जातो.

आता अडचण पाहा. थोरस्टेइनने उंगुलला कधी पाहिलेलेच नाही. तोही वॅरेंजियन दलात शिरतो. शेकडो उत्तरेकडची माणसे, त्यांत हवा तो एक, आणि चेहरा माहीत नाही. नाव उघडपणे विचारले तर तो सावध होईल. थोरस्टेइन काही न विचारता राहतो, रात्र रात्र जागतो. मग मोहिमेआधी शस्त्रांची पाहणी होते. उंगुल तो सुरा दाखवतो. सगळे पाते वाखाणतात, पण खाच पाहून हळहळतात. तेव्हा तो अभिमानाने सांगतो की ही खाच ग्रेटिरच्या कवटीवर पडली. थोरस्टेइन म्हणतो, बघू जरा. हातात घेतो आणि त्याच सुऱ्याने उंगुलला ठार करतो.

या साऱ्या शोधात त्याने एकदाही कोणाला विचारले नाही. म्हणूनच तो यशस्वी झाला. ही सागा लिहिली गेली घटनांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि मिक्लागार्डच्या पुढच्या भागावर दक्षिणेकडच्या प्रेमकथांची छाया आहे. तेव्हा याला जसाच्या तसा इतिहास मानू नका. पण एका खाचेवरून ओळख पटवणे हे त्या जगाच्या तर्काला धरून आहे, आणि शोधणाऱ्याने तोंड बंद ठेवणेही.

पूर्वेची वाट तुम्हाला वापरायची असेल तर ती जीवघेणी होती यात शंका नाही, आणि तिथे मात्र निसर्गाचा धोका भरपूर घाला. बाल्टिक, नद्या, मग कीव्ह, मग द्नीपर. दहाव्या शतकाच्या मध्यात बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टँटाइन याने या वाटेचे वर्णन लिहून ठेवले आहे. जूनमध्ये होड्यांचे तांडे कीव्हहून निघत. पुढे सात धबधबे-खळाळ. काही ठिकाणी माणसे उघडी होऊन पाण्यात उतरत, पायाने तळाचे खडक चाचपत होडी किनाऱ्याकडेने पुढे नेत. एयफोर नावाच्या चौथ्या खळाळावर सगळे उतरत, माल आणि साखळीतले गुलाम जमिनीवरून नेत, होड्या ओढत किंवा खांद्यावर घेत. काही जण पहारा देत, कारण पेचेनेग या भटक्या घोडेस्वारांच्या टोळ्या नेमक्या तिथेच झडप घालत. 972 साली कीव्हचा राजा स्व्यातोस्लाव या खळाळांपाशीच त्यांच्या हातून मारला गेला. 1932 साली धरण पुरे झाले आणि हे सगळे खडक पाण्याखाली गेले.

आणि इथे भावांचा एक खरा, दगडात कोरलेला पुरावा आहे, सागेपेक्षा पक्का. स्वीडनच्या गोटलँड बेटावर पिल्गोर्ड्स इथे सापडलेल्या दहाव्या शतकातल्या शिळेवर हेगब्योर्न आणि त्याचे भाऊ रोदविस्ल, आउस्टाइन, एमुंड यांची नावे आहेत. राफ्न याच्या स्मरणार्थ त्यांनी रूफस्टाइनच्या दक्षिणेला शिळा उभ्या केल्या आणि ते दूर एयफोरपर्यंत गेले, असा तिचा मजकूर. राफ्न त्यांचा भाऊ असावा, असे काहींचे वाचन आहे. राफ्नचे नेमके काय झाले ते शिळा सांगत नाही. स्वीडनमध्येच ग्रिप्सहोल्मला दुसरी शिळा आहे. तोला नावाच्या आईने मुलगा हाराल्ड याच्यासाठी उभी केलेली, आणि त्याची ओळख तिने ‘इंग्वारचा भाऊ’ अशी दिली आहे. इंग्वार हा पूर्वेच्या मोहिमेचा म्होरक्या, आणि त्याच्याबरोबर गेलेल्यांसाठी उभारलेल्या अशा पंचवीसेक शिळा मध्य स्वीडनभर आहेत. ते गेले, दक्षिणेत सर्कलँडमध्ये, म्हणजे मुस्लिम मुलखात, मेले. घरी कळायला किती काळ गेला असेल याचा विचार करा.

हत्यारांबद्दल थोडक्यात. शिंगांचे शिरस्त्राण काढा. चिलखत आणि तलवार श्रीमंताची. बहुतेकांकडे भाला, कुऱ्हाड, लाकडी ढाल. आइसलँडच्या आतल्या भागात तुमच्या योद्ध्याला त्यांचा उपयोग क्वचित होईल. तिथे माणसे बुडत ती हिमनदीतून येणाऱ्या नद्यांत. सकाळी घोड्याच्या गुडघ्याएवढे पाणी, दुपारी बर्फ वितळून पोटापर्यंत, आणि गढूळपणामुळे तळ दिसत नाही. असा एक ओढा ओलांडण्याचा प्रसंग तुमच्या तीन चकमकींपेक्षा जास्त भीती घालेल.

आता शिक्षा तीन वर्षांची की आजन्म. एकच निवडू नका. तीन वर्षांच्या शिक्षेत शोधाला कारणच नसते, भाऊ कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असते. लाल दाढीचा एरिक 982 च्या सुमारास अशाच तीन वर्षांसाठी गेला आणि ग्रीनलँड पाहून परत आला, पुढे 25 जहाजे घेऊन तिकडे निघाला, त्यांतली 14 पोचली. आजन्म शिक्षेत उलट सगळे पहिल्यापासून अंधारात, आणि थोरला सावध राहूनच येईल.

म्हणून असे करा. धाकट्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ती बातमी शरदातल्या शेवटच्या जहाजाने नॉर्वेत आली. थोरला निर्धास्त. वसंतात जाऊन भावाला नेमून दिलेल्या घरून उचलायचे आणि घेऊन यायचे, एवढाच बेत. इकडे धाकट्याला मुदतीत जहाज मिळाले नाही, किंवा फिर्यादीने मिळू दिले नाही, आणि तो वरच्या पायरीवर गेला. थोरला समुद्रावर असताना भावाची शिक्षा बदललेली आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. तो बंदरावर उतरतो आणि भावाचे नाव घेऊन मोकळेपणी विचारत फिरतो, घोडा भाड्याने घेतो, त्या तीन घरांची वाट विचारतो, भावासाठी आणलेला झगाही दाखवतो. आठवड्याने कोणीतरी त्याला बाजूला घेऊन खरे काय ते सांगते. तोपर्यंत तो कुठे कुठे गेला हे फिर्यादीच्या घरी पोचलेले असते, आणि भाऊ आलाय ही बातमी धाकट्याच्या कानावरही गेलेली असते, म्हणजे तो लपण्याची जागा सोडून त्याच्या दिशेने निघालेला असतो.

तुमचे दुसरे प्रकरण या आठवड्याचे करा. त्याने कोणाकोणाला विचारले, त्यांतला कोण कोणाचा नातलग आणि कोण कोणत्या गोदीचा माणूस, याचा तक्ता लिहिण्याआधी कागदावर मांडा. सागा वाचताना आम्हीही तोच मांडतो. प्रकरण झाले की पाठवा, तक्त्यासकट.